मत, जत्रा आणि पडदा

जिवती तालुक्यातल्या परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर या गावांत घरटी मतदार ओळखपत्रं मोजली, तर माणसांपेक्षा ती जास्त भरतात. एक महाराष्ट्राचं, एक तेलंगणाचं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला होतं आणि पलीकडच्या आदिलाबादचं १३ मे रोजी. म्हणजे पहिली शाई पुसट व्हायच्या आत दुसरं केंद्र उघडलं होतं. सीमेच्या वादातली ही गावं कुणी बारा मोजतं, कुणी चौदा. दोन सरपंच, दोन शाळा, दोन राज्यांचं रेशन. कायद्याने माणसाला मत एकच आहे, पण इथं दोन्ही सरकारांनी यादीत नाव घालायला कधी आढेवेढे घेतले नाहीत. शेतीच्या पट्ट्यासाठीचे खेटे मात्र इतक्या वर्षांत संपलेले नाहीत. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही चौदा गावं पूर्णपणे आपल्याकडे घेण्याची प्रक्रिया सुरू केल्याचं जाहीर केलं. गाव कोणत्या राज्याचं हे त्यातून ठरेल. जमीन कुणाची, हा प्रश्न त्यानंतरही उभाच राहील.

राजुऱ्याकडून या डोंगराकडे पाहणाऱ्याला ही गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. आदिवासींच्या हक्कांना पाठिंबा म्हटलं की शहरात तीन मार्ग सांगितले जातात: मत द्या, कार्यक्रमाला या, सिनेमा पाहा. तिन्ही चांगले आहेत. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हे तिन्ही मार्ग फार आधीपासून चालू आहेत, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा निघतो. मतपेटी बाहेरून येते आणि बाहेर जाते. कॅमेराही तसाच. जत्रा मात्र गावाची असते. गावाने एकत्र बसून केलेल्या गोष्टीत मत आणि पडदा जेव्हा मिसळले, तेव्हाच इथं काही हाती लागलं आहे, असं माझं मत बनत गेलं.

राजुरा हा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला आला. कोरपना आणि जिवती हे तालुके त्यातूनच पुढे निघाले. गोंड, कोलाम, परधान यांचे सोयरेसंबंध मात्र या रेषांच्या दोन्ही बाजूंना पसरलेले राहिले. डोंगरावर कोलामांचे गुडे, म्हणजे पाडे, खाली पठारावर सिमेंटचे कारखाने, वर्धेच्या काठाने सास्ती-पोवनीच्या कोळसा खाणी. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने या तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आला, सगळा नाही.

राजुरा विधानसभा मतदारसंघ सर्वसाधारण आहे. राजुरा, कोरपना, जिवती आणि गोंडपिपरी मिळून तो होतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या तिन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव; इथली नाही. त्यामुळे इथल्या गोंड-कोलाम मतदाराचं मत दुसऱ्या कुणाच्या तरी बेरजेत जातं. निवडणूक लढली जाते ती कापसाच्या भावावर, कारखान्यातल्या नोकऱ्यांवर आणि प्रदूषणावर. ते प्रश्नही खरेच आहेत. पण कुसुंबीच्या कोलामांची चुनखडीच्या खाणीत गेलेली जमीन हा त्या निवडणुकीचा मुद्दा होत नाही, कारण तिथली मतं निकाल फिरवण्याइतकी नाहीत.

याच राजुऱ्याचं नाव २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी वेगळ्याच कारणाने गाजलं. मतदार नोंदणीचे साडेसहा हजारांहून जास्त ऑनलाइन अर्ज बनावट असल्याचं आढळलं, ते फेटाळले गेले आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये राहुल गांधींनी हे प्रकरण दिल्लीत मांडलं. राजकीय भांडण बाजूला ठेवूनही यातलं एक मला खुपतं. कुठेतरी बसून हजारो अर्ज भरता येतात. गुड्यातल्या म्हाताऱ्या बाईला मात्र आधारमधल्या चुकीच्या जन्मतारखेसाठी पूर्ण दिवसाची मजुरी बुडवून डोंगर उतरावा लागतो.

मतासाठी गडचिरोलीत जी किंमत मोजावी लागली तिची कल्पना इतर महाराष्ट्राला नाही. माओवाद्यांच्या बहिष्काराच्या पत्रकांच्या सावलीत, बोटावरची शाई दिसली तर काय होईल या भीतीत, सकाळी सात ते दुपारी तीनच्या आत लोकांनी मतदान केलं आहे. पोलिंग पार्ट्या हेलिकॉप्टरने उतरवल्या जातात. एप्रिल २०२४ मध्ये दोन वृद्ध मतदारांचं घरून मत घ्यायला निवडणूक कर्मचारी अहेरीहून सिरोंच्याकडे १०७ किलोमीटर गेले. त्या निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झालं. पहिल्या टप्प्यात राज्यात सर्वाधिक. दोन मतांसाठी १०७ किलोमीटर जाणाऱ्या यंत्रणेचा मला अभिमान वाटतो. त्याच रस्त्याने वनहक्काच्या दाव्याची मोजणी करायला माणूस का पोहोचत नाही, हे मात्र कुणी समजावून सांगावं.

निवडून येणं म्हणजे ऐकलं जाणं नव्हे, हे इथं फार लवकर कळलं होतं. पानाबरसचे जमीनदार लाल श्याम शाह १९६२ मध्ये चांदा (आताचं चंद्रपूर) लोकसभा मतदारसंघातून अपक्ष निवडून आले. आदिवासींची जमीन आणि जंगल यांच्या प्रश्नावर दिल्लीत दाद लागत नाही हे पाहून १९६४ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. खुर्ची सोडणारा माणूस आपल्याकडे विसरला जातो. तेही विसरले गेले. वीस वर्षांनी, १९८४ मध्ये, इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध बाबा आमट्यांबरोबर ‘जंगल बचाव, मानव बचाव’ची हाक उठली, तेव्हा ते पुन्हा लोकांत होते. ती धरणं झाली नाहीत. संसदेत जे साधलं नव्हतं ते रस्त्यावर साधलं.

अलीकडचं उदाहरण २०१७ चं. एटापल्ली-भामरागडच्या ग्रामसभांनी मिळून जिल्हा परिषदेला आपले उमेदवार उभे केले. पक्ष नाही, पैसा नाही. इलाक्यातल्या गावांनी बसून नावं ठरवली. ॲड. लालसू नोगोटी आणि सैनू गोटा निवडून आले. सुरजागडच्या लोहखाणीला विरोध हा त्यांच्या प्रचाराचा गाभा होता. खाण थांबली नाही, हे खरं. पण उमेदवार आधी गावाने ठरवायचा आणि मग मत द्यायचं, हा क्रम तिथं पहिल्यांदा दिसला. माझ्या मते या पट्टीतल्या निवडणुकांच्या इतिहासात याहून महत्त्वाची घटना सापडणं कठीण आहे.

मताचा दुसरा प्रकार मात्र पाच वर्षांनी येत नाही. तो ग्रामसभेत रोजचा आहे. १९९६ चा पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा), २००६ चा वनहक्क कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे पेसा नियम यांनी गावाला जो अधिकार दिला तो आमदाराच्या मतापेक्षा जड आहे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे प्रौढ हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. पाडा किंवा गुडा मोठ्या ग्रामपंचायतीत हरवला असेल, तर तिथल्या मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे स्वतंत्र गावाची मागणी करता येते. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १२ ग्रामसभांना विचारलं गेलं, आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. खाण थांबली.

त्यासाठी ओडिशापर्यंत जायचीही गरज नाही. राजुरा मतदारसंघातच, गोंडपिपरी तालुक्यात, पाचगाव आहे. साठेक घरांचं, बहुतेक गोंडांचं गाव. २००९ मध्ये त्यांनी सामूहिक वनहक्काचा दावा टाकला आणि जून २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टर जंगलाचा हक्क मिळवला. तीन वर्षं कागद फिरत राहिला, गाव मात्र बसून नियम लिहीत राहिलं: जंगलात कधी जायचं, बांबू कोणता तोडायचा, कोवळा कोंब कुणी तोडला तर काय, राखणीला कोणत्या घराची पाळी. शंभरावर नियम झाले आणि ते सगळ्यांच्या संमतीने झाले. मग गावाने बांबू स्वतः तोडला, स्वतः मोजला, स्वतः लिलाव करून विकला. मजुरीसाठी गाव सोडून जाणारी माणसं थांबली. आणि मग या गावाने जे केलं ते वाचून मी थबकलो होतो: तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. उन्हाळ्यात हातात रोख देणारं ते पीक. पण पानासाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलाला आगी लावल्या जातात, टेंभरं पिकत नाहीत, म्हणून नको. सरकारने हे सांगितलं असतं तर मोर्चा निघाला असता. गावाने ठरवलं म्हणून ते पाळलं गेलं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे याचं मूळ घराणं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि २०२५ मध्ये आपल्यातून गेलेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं बहुमत हा शब्दच बाजूला ठेवला. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो, पुन्हा बसायचं, अभ्यास गटात बोलायचं. २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी एप्रिल २०११ पर्यंत झगडावं लागलं. शेवटी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले. हातात कायदा असूनही दोन वर्षं. राजुरा-जिवतीच्या गुड्यांत तर अजून पुष्कळ ठिकाणी पहिलीच पायरी आहे. कोलाम ही विशेष असुरक्षित आदिम जमात. वनहक्क कायद्यात त्यांच्यासाठी अधिवासाचा हक्क वेगळा लिहिला आहे. त्याच डोंगरावर दुष्काळात मराठवाड्यातून आलेली दलित, बंजारा कुटुंबंही वनजमिनीवर जबरानजोत कसतात; त्यांच्याकडे कायदा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतो, आणि तो त्यांच्याकडे नाही. आदिवासींचे हक्क मागताना या शेजाऱ्यांना वाऱ्यावर सोडणं मला पटत नाही, आणि त्यांच्या नावाखाली कोलामांचा दावा मागे ढकलणं तर अजिबातच नाही.

आता जत्रांकडे. महाराजगुड्याजवळच्या गुहेत जंगूबाईचं ठाणं आहे, अगदी त्या वादातल्या हद्दीवर. पौष महिन्यात चार राज्यांतून गोंड, कोलाम, परधान तिथं येतात. सीमा कुणाची हे देवीला कुणी विचारत नाही. तिथून पुढे इंद्रवेल्लीजवळ केस्लापूरची नागोबाची जत्रा, मेश्राम कुळाची. या जत्रेचा इतिहास प्रत्येक राजुरेकराला ठाऊक हवा, कारण तेव्हा आपण त्याच जिल्ह्यात होतो. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचे नेते कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. जल, जंगल, जमीन या तीन शब्दांना त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फ्यूरर-हायमनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला या उठावाची कारणं शोधायला पाठवलं. ते मार्लवाईत राहिले, गोंडीतून शाळा सुरू केल्या, जमिनीचे पट्टे देण्याचा आग्रह धरला. आणि एक साधी गोष्ट सुचवली: लोकांना कचेरीत बोलावू नका, नागोबाच्या जत्रेला सगळे येतातच, अधिकाऱ्यांनी तिथं जावं, लोकांसमोर बसावं, गाऱ्हाणी ऐकावीत. तो दरबार आजही भरतो. हायमनडॉर्फ आणि त्यांची पत्नी बेटी यांची समाधी मार्लवाईत आहे.

आपल्या बाजूला असा दरबार का नाही? जंगूबाईच्या पायथ्याशी चंद्रपूर आणि आसिफाबाद या दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी एका सतरंजीवर बसले, तर त्या चौदा गावांचे निम्मे कागद एका दिवसात पुढे सरकतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

मेळावा हा स्वतःच एक हक्क आहे, हेही याच मातीत रक्ताने लिहिलं गेलं. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्या मागणीसाठी जमणाऱ्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३. लोक सांगतात तो कितीतरी मोठा. पुढे अनेक वर्षं त्या तारखेला स्मारकाजवळ जमायलाही बंदी असायची. एटापल्लीत तोडगट्टाला मार्च २०२३ पासून गावांनी खाणींविरुद्ध ठिय्या दिला. गोटूलसारखे, म्हणजे गावाने एकत्र बसायच्या घरासारखे, मांडव उभारून, आळीपाळीने, घरून तांदूळ आणून. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो मोडला. सुरजागडला जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते; पूजाही होते आणि डोंगराची मागणीही. देव आणि डोंगर वेगळे काढता येत नाहीत, हे खाणीच्या अहवालात कुठल्या रकान्यात भरायचं?

चंद्रपुरात २१ ऑक्टोबरला तुरुंगातल्या शहीदस्थळी वीर बाबुराव शेडमाकेंना वंदन होतं. १८५८ मध्ये याच दिवशी त्यांना तिथं फाशी दिली, वय पंचविशीचं. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन त्या मानाने नवा, संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ठरवलेला. २००७ चा मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ देशांनी स्वीकारला, भारतानेही. मात्र आमचे सगळेच नागरिक मूळचे, ही आपल्या सरकारची भूमिका कायम राहिली. पिवळे झेंडे, ढेमसा आणि रेला नाच, भाषणं, फ्लेक्स: ९ ऑगस्ट आता तालुक्यातालुक्यांत होतो. पोरांना आपली भाषा आणि गोत्र लाज न बाळगता उच्चारायला तो शिकवतो, म्हणून मला तो प्रिय आहे. माझी तक्रार एवढीच की व्यासपीठावर पुढारी बसतात आणि गुड्यातला पाटील उन्हात. दिवाळीतली दंडार याच्या उलट असते. मोरपिसांचा मुकुट घातलेले गुसाडी गावोगाव जातात, यजमान गाव जेवू घालतं, आणि पाहुणा कितीही मोठा असला तरी नाचणाऱ्याच्या खालीच बसतो. मार्लवाईच्या कनक राजू यांना २०२१ मध्ये याच नाचासाठी पद्मश्री मिळाली.

उरला पडदा. इथं हिशेब सगळ्यात उणा आहे.

मराठी माणसाच्या मनातला पहिला आदिवासी सिनेमा ‘जैत रे जैत’, १९७७ चा, जब्बार पटेलांचा. कर्नाळ्याच्या ठाकरांची ती गोष्ट आजही ऐकावीशी, पाहावीशी वाटते. पण नाग्या आणि चिंधी झाले मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. १९८० चा गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ विजय तेंडुलकरांनी लिहिला. त्यातला लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर बोलत नाही. ओम पुरींचे ते डोळे मी विसरू शकत नाही, आणि तेंडुलकरांनी जे मांडलं ते खरंच होतं: न्यायालयाने त्याचा आवाजच काढून घेतला होता. तरी पंचेचाळीस वर्षांनंतर विचारायला हवं, की आपल्या सिनेमाला ठाऊक असलेला सर्वात मोठा आदिवासी नायक मुकाच का राहिला? २०१४ च्या ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रिअल हीरो’मुळे हेमलकशाचं वैद्यकीय काम घराघरात पोहोचलं, आणि ते त्या लायकीचं आहेच. तिथले माडिया आदिवासी मात्र त्यात रुग्ण म्हणून येतात. त्यांचा न्याय, त्यांचं गोटूल, त्यांची शहाणी माणसं चौकटीच्या कडेला राहतात.

मताचा आणि पडद्याचा थेट संबंध जोडला तो अमित मसुरकरांच्या ‘न्यूटन’ने, २०१७ मध्ये. दंडकारण्यातल्या ७६ मतदारांसाठी उघडलेलं एक केंद्र. आपल्या पोलिंग पार्टीत गेलेल्या शिक्षकांना तो चित्रपट दाखवावा. त्यांना त्यातलं काहीच नवं वाटणार नाही. त्याचं मोठेपण असं की अंजली पाटील यांनी रंगवलेली स्थानिक शिक्षिका त्या प्रामाणिक अधिकाऱ्याला, तू कितीही सरळ असलास तरी तुला इथलं ठाऊक नाही, हे न ओरडता दाखवून देते. पाच वर्षांनी आलेल्या ‘आरआरआर’ने कोमराम भीम हे नाव जगभर नेलं. पण जोडेघाटचा तो पट्ट्यासाठी लढलेला माणूस मला त्यात सापडला नाही. सापडला एक बलदंड वीर. नाव मोठं झालं आणि जमीन गळून पडली.

कॅमेरा आदिवासींच्या हातात गेला की काय होतं, ते रांचीला पाहायला मिळतं. बिजू टोप्पो आणि मेघनाथ यांनी झारखंडमध्ये वर्षानुवर्षं विस्थापनावर आणि खाणींवर माहितीपट केले; रामदयाल मुंडांवरच्या ‘नाची से बांची’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ब्राझीलमध्ये १९८६ पासून ‘व्हिडिओ नास अल्देयास’ने पाड्यापाड्यांत लोकांना चित्रण शिकवलं. आपल्याकडे पैसा आणि साधनं यांची अडचण सांगितली जाते, आणि त्याच वेळी झाडीपट्टीत दर हिवाळ्यात वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या शेतातल्या मांडवात रात्ररात्र नाटकं करतात, हजारो लोक तिकीट काढून पाहतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. प्रेक्षक आहे, कलावंत आहेत, मांडव घालणारेही आहेत. उणीव आहे ती भाषेच्या मानाची. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९.८ लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली, तरी आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली, तर शिक्षण विभागाने ती बेकायदा ठरवली.

मोहगावची ती शाळा मला या सगळ्याची गाठ वाटते. ग्रामसभेचा ठराव हे तिचं मत, गोटूल हा तिचा मेळावा, आणि ज्या भाषेत उद्या सिनेमा होईल ती भाषा तिथं मुलांच्या तोंडी आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला आमच्यासाठी काही करायचं असेल, तर आपल्या खासदाराला गोंडीच्या अनुसूचीबद्दल आणि मोहगावबद्दल एक पत्र लिहावं; पुढच्या निवडणुकीत दारात आलेल्या उमेदवाराला वनहक्काच्या प्रलंबित दाव्यांचा आकडा विचारावा. राजुऱ्यात राहणाऱ्याने तर डोंगर चढून ग्रामसभेला जावं आणि मागच्या रांगेत बसून ऐकावं.

कॅनडाच्या उत्तरेला इग्लूलिक नावाची इन्युइटांची वस्ती आहे. तिथले झकारायस कुनुक यांनी आपल्याच भाषेत, आपल्याच माणसांना घेऊन ‘अतानारजुआत’ केला. २००१ मध्ये कान महोत्सवात त्याला पहिल्या चित्रपटाचा कॅमेरा दोर पुरस्कार मिळाला. पण कानच्या आधी तो इग्लूलिकच्या लोकांनी पाहिला होता. जिवतीच्या डोंगरावर असा दिवस यावा असं मला फार वाटतं: कोलामीत बोललेला एखादा चित्रपट, दंडारीच्या रात्री, गुड्याच्या मधल्या अंगणात धोतराचा पांढरा पडदा बांधून लावलेला, चंद्रपूरला, मुंबईला तो नंतर गेला तरी चालेल.